सहकाऱ्यांवरचा भरवसा आणि अंगचोरी

फ्रेंच कृषी अभियंता माक्सिमिलियँ रिंगेलमन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा सरासरी जोर त्याच्या एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा भरत असे. सगळ्यांची ओढ एकाच क्षणी जुळत नाही, हे त्याचे एक कारण होते. परंतु ते पुरेसे नव्हते, हे १९७४ मधील एका अमेरिकी प्रयोगाने दाखवले. त्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाच्या मागे उभे असलेले साथीदार ओढण्याचे नुसते सोंग करीत होते, म्हणजे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही 'आपल्यामागे आणखी माणसे आहेत' एवढ्या समजुतीने त्याचा जोर घटला. या प्रवृत्तीला मानसशास्त्रात 'सामाजिक अंगचोरी' म्हणता येईल.

मग संघावरचा विश्वास माणसाला आळशी करतो काय? किपलिंग विल्यम्स आणि स्टीव्हन काराउ यांचे १९९१ मधील प्रयोग प्रथमदर्शनी तसेच सुचवतात: साथीदार कमी पडेल असे वाटणाऱ्यांनी, काम महत्त्वाचे वाटत असेल तर, त्याची उणीव भरून काढण्यासाठी अधिक मेहनत घेतली. मात्र येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. 'इतर जण काम उरकतील' हा भरवसा वेगळा, आणि अल्बर्ट बंडुरा यांनी मांडलेला सामूहिक क्षमताविश्वास, म्हणजे 'आपण मिळून हे काम तडीस नेऊ शकतो' ही संघाची धारणा, वेगळी. पहिलीत व्यक्ती स्वतःला हिशेबातून वगळते, तर दुसरीत ती स्वतःला धरूनच हिशेब मांडते. या दुसऱ्या विश्वासाची कसोटी अपयशानंतर लागते. इयन ग्रीनलीज आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधील सायकल-यंत्रावरील प्रयोगात, संघ हरल्याचे सांगितल्यावर ज्यांचा असा विश्वास कमी होता त्यांची कामगिरी घसरत गेली, तर तो अधिक असलेल्यांची टिकून राहिली.

म्हणून संघाचे नुसते गुणगान करणारा व्यवस्थापक अर्धेच काम करतो, असे म्हणणे भाग आहे. प्रत्येकाचा वाटा डोळ्यांना दिसेल अशी व्यवस्था त्याने केली पाहिजे. समूहात ओरडण्याच्या १९८१ मधील प्रयोगांत, प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे मोजला जात आहे असे कळताच अंगचोरी नाहीशी झाली होती.