मूल हवे आहे, पण ‘ई’ची कॅप्सूल हा उपाय आहे का?



अणदूर परिसरातल्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्य बैठकीला जातो, तेव्हा एखादी पस्तिशीतली ताई पिशवीतून कॅप्सूलची पट्टी काढते आणि हळूच विचारते, “हिनं दिवस राहतील का हो?” वय वाढले तरी ‘ई’ जीवनसत्त्वाने मूल होते, असे तिला कुणीतरी सांगितलेले असते.

या समजाचे मूळ जुने आहे. १९२२ साली अमेरिकेत इव्हान्स आणि बिशप या संशोधकांना दिसले, की अन्नात एक घटक नसेल तर उंदरांच्या माद्यांना दिवस राहतात, पण पिल्ले पोटातच जिरतात. तो घटक म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्व. पण त्या उंदरांच्या अन्नात तो मुळातच नव्हता. आपल्याला तो शेंगदाणे, करडईचे व सूर्यफुलाचे तेल आणि पालेभाज्यांतून मिळतो. त्याची खरी कमतरता माणसात क्वचितच आढळते.

आता वयाचे पाहू. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ५ लाख उरतात. पुढेही ती कमीच होत जातात, नवी तयार होत नाहीत. बत्तिशीनंतर हळूहळू आणि सदतिशीनंतर वेगाने दिवस राहण्याची शक्यता घटते, गर्भपाताची वाढते. कॅप्सूल हे वय मागे नेत नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत फायदा दिसला, पण बायकांमध्ये तसा भक्कम पुरावा नाही. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ‘ई’च्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मग करायचे काय? वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास तपासणी करा. चाळिशी ओलांडली असेल तर वाट पाहू नका. पाळी अनियमित असेल किंवा पूर्वी क्षयरोग झाला असेल, तरीही लवकर जा. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा, तिचा फायदा सिद्ध झालेला आहे. तंबाखू, मिश्री आणि दारू दोघांनीही सोडा.

आणि तपासणी दोघांची! जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते. वीर्यतपासणी सोपी आहे, तिला फारसा खर्चही येत नाही. तरी वर्षानुवर्षे औषध फक्त बाईलाच दिले जाते.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, असे सांगितले. त्या वाटेने शिकलेल्या आपल्या लेकीला आज ‘शिकत बसली म्हणून मूल नाही’ असे टोमणे ऐकावे लागतात. वयाचा परिणाम होतो हे खरे आहे, ते लेकींना वेळेवर सांगायलाच हवे. पण म्हणून तिचे शिक्षण दोषी ठरत नाही.

याच अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या साध्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. आरोग्याचे ज्ञान आपल्यालाही घेता येते, हे त्या बायकांनी दाखवले. ऐकीव आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. कॅप्सूलच्या पट्टीलाही तोच नियम लावू या.