सह्याद्रीच्या तटाखालचा मुलूख
देवरूखला किल्ला नाही, वेस नाही, तटबंदीही नाही. तरीही रत्नागिरी जिल्ह्यात किल्ले पाहायला येणाऱ्याने दोन रात्री तरी इथे मुक्काम करावा, असे मला मनापासून वाटते. सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड हे जिल्ह्याचे नावाजलेले किल्ले समुद्रात किंवा समुद्राच्या, खाडीच्या काठावर आहेत आणि पर्यटकांचा लोंढाही तिकडेच जातो. संगमेश्वर तालुक्याचे किल्ले डोंगरात आहेत आणि देवरूख हे त्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे.

तटाने वेढलेले शहर पाहायचे तर दक्षिण कोरियातले सुवॉन आहे; त्याच्याभोवती ह्वासोंगचा तट आहे. राजा जोंगजोने तो १७९४ ते १७९६ या काळात बांधून घेतला. सुमारे पावणेसहा किलोमीटरच्या त्या तटावरून चालत शहराला वळसा घालता येतो. आपल्याकडे या मुलखाला असा तट बांधायची गरजच पडली नाही. पूर्वेला सह्याद्री उभा होता. त्यातून उतरणाऱ्या घाटवाटा हेच दरवाजे आणि त्यांवर नजर ठेवायला महिमतगड, प्रचितगड यांसारखे गड. हा नकाशा डोक्यात ठेवून फिरले, तर एरवी विखुरलेली वाटणारी ठिकाणे एकमेकांना जोडली जातात.

देवरूख गावात आधी ग्रामदेवता सोळजाईचे दर्शन घ्यावे. मग मातृमंदिर पाहावे. इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी हळबे, यांनी १९५४ साली ही संस्था उभी केली. रस्ते आणि दवाखाने नसलेल्या त्या काळात बाळंतिणींची आणि अनाथ मुलांची सोय करणे म्हणजे काय होते, याची कल्पना इथल्या वाड्यावस्त्यांची अंतरे पाहिली की येते. लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात नामवंत भारतीय चित्रकारांची चित्रे आहेत. एका तालुक्याच्या गावात असा संग्रह असावा, याचा देवरूखकरांना अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे.

गावापासून संगमेश्वर सुमारे अठरा किलोमीटरवर. तिथे सोनवी नदी शास्त्रीला मिळते. खाडीतून वर आलेला माल आणि घाटावरून उतरलेला माल याच परिसरात एकत्र येई, म्हणून हे ठाणे ताब्यात असणे महत्त्वाचे होते. १६६१ साली शिवाजी महाराज या भागात उतरले तेव्हा शृंगारपूरला सूर्यराव सुर्वे यांचा अंमल होता. महाराजांनी संगमेश्वरी ठेवलेल्या फौजेवर सुर्व्यांच्या लोकांनी रात्री छापा घातला. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात हा प्रसंग आहे. त्या फौजेतल्या पिलाजी नीळकंठ यांचा धीर सुटला आणि ते पळू लागले, तेव्हा तानाजी मालुसऱ्यांनी त्यांना धरून आणले, दोराने दगडाला बांधले आणि स्वतः लढत राहिले. सिंहगडाच्या लढाईच्या नऊ वर्षे आधीचा हा तानाजी फारसा कुणी सांगत नाही. संगमेश्वरच्या बाजारपेठेतून जाताना तो आठवावा.

पुढे महाराजांनी शृंगारपूर घेतले. संगमेश्वरजवळचे कसबा, मग नायरी करत तिकडे जाणारा रस्ता डोंगराच्या पार कुशीत शिरतो. संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजी शिर्क्यांच्या कन्या. १६७६ साली महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा युवराज संभाजीराजांना याच गावी ठेवले होते. आज शृंगारपूर एक शांत खेडे आहे. तीन बाजूंनी उठलेले कडे पाहिले की राजघराण्यातल्या माणसांसाठी ही जागा का निवडली, ते वेगळे सांगावे लागत नाही.

गावाच्या डोक्यावर प्रचितगड. चढ उभा आणि दमछाक करणारा, शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी. माथ्यावर भैरी-भवानीचे मंदिर, तोफा आणि खांब राखून खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पलीकडे चांदोलीचे जंगल सुरू होते. पावसाळ्यात इथे जाऊ नये आणि इतर वेळीही गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. रानात वाटा फुटतात आणि चुकलेल्याला हाक मारायला आसपास वस्ती नाही.

उतरून कसब्याला थांबावे आणि घाई करू नये. १ फेब्रुवारी १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराज आणि त्यांचे विश्वासू कवी कलश इथे मोगलांच्या हाती लागले. महाराज विशाळगडाकडून रायगडाला निघाले होते. मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडे होता. निवडक स्वार घेऊन तो सह्याद्री उतरला. मराठ्यांकडून म्हाळोजी घोरपडे लढताना पडले. पुस्तकात वाचताना एकच प्रश्न सतावतो: इतका मोठा राजा इतक्या थोड्या लोकांनिशी इथे कसा राहिला? कसब्यात उभे राहिल्यावर त्याचे निदान अर्धे उत्तर मिळते. हे उघडे, नदीकाठचे गाव. त्याचे सगळे संरक्षण त्या दूरच्या कड्यांवर सोपवलेले. कडे कुणी अवचित ओलांडले की मग मध्ये अडवणारे काहीच उरत नव्हते.

दगडात घडवलेले कर्णेश्वराचे मंदिर याच गावात आहे. छतावरचे आणि खांबांवरचे कोरीवकाम पाहायला तास पुरत नाही. मान वर करून छताकडे पाहा, तिथली नक्षी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आसपास आणखी जुनी मंदिरे आहेत, त्यांतली कित्येक पडझड झालेली. २०२५ साली संभाजी महाराजांवरच्या ‘छावा’ चित्रपटानंतर कसब्याला गर्दी वाढली आणि राज्य सरकारने संगमेश्वरला भव्य स्मारक जाहीर केले. स्मारक व्हावेच. पण त्याच्या शेजारी ही मंदिरे ढासळत राहिली तर ते मला पटणार नाही. संभाजी महाराजांनी पाहिलेले दगड इथे अजून उभे आहेत आणि त्यांच्यावरचा खर्च आधी झाला पाहिजे.

चढाईची हौस असेल त्याने महिमतगडही करावा. निगुडवाडीतून वाट आहे. वर बुरुज आणि तटाचे अवशेष आहेत. खेड तालुक्यातला महिपतगड वेगळा, नावाच्या सारखेपणाने गोंधळ होतो. डोंगर नको असेल तर महामार्गालगत तुरळ आणि राजवाडीला गरम पाण्याची कुंडे आहेत.

दुसरा दिवस मार्लेश्वरासाठी ठेवावा. मारळ गावापुढे पायऱ्या चढून गेल्यावर गुहेत शंकराचे स्थान आहे. आत विजेचे दिवे नाहीत, समईच्या उजेडात दर्शन होते. गुहेत सापांचा वावर असतो आणि त्यांना कुणी डिवचत नाही. समोर धारेश्वराचा धबधबा कोसळतो. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते, तेही लिंगायत पद्धतीने. पालख्या डोंगर चढून येतात आणि सारा तालुका वऱ्हाडी होतो. त्या दिवसांत जायचे तर गर्दीची तयारी ठेवून जावे. एरवी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. संगमेश्वर रोड हे कोकण रेल्वेचे स्टेशन जवळ आहे आणि देवरूखला एसटीची सोय आहे. परतीला कोल्हापूर गाठायचे असेल तर साखरप्यावरून आंबा घाट चढावा. वर पोचल्यावर विशाळगडाचा फाटा लागतो.