घटस्फोटाचा दावा आणि पक्षकाराचे स्वास्थ्य

घटस्फोटाच्या दाव्यात पक्षकाराचे सारे लक्ष कागदपत्रे, साक्षीदार आणि पुढील तारीख यांकडे लागलेले असते. झोप, जेवण आणि नेहमीचे काम यांची हेळसांड होते. 'एकदा निकाल लागू दे, मग तब्येतीकडे पाहू' असे तो म्हणतो. हा हिशेब सहसा चुकतो, कारण निकालाचा दिवस कोणाच्याच हाती नसतो.

पूर्वी अनेक समाजांत काडीमोड जातपंचायतीच्या बैठकीतच उरकला जाई. न्यायालयीन घटस्फोटाचे तसे नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद १९७६ साली झाली. तथापि त्यासाठीही पतिपत्नी एक वर्ष विभक्त राहिलेली असावी लागतात व अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. संमतीच नसेल, तर कालावधीचा अंदाज न बांधलेला बरा.

सुरगाणा वा पेठकडून तारखेसाठी नाशिकला येणारी व्यक्ती पहाटेची एस. टी. पकडते, दिवसभर चहावर राहते आणि तारीख पुढे गेल्याचे ऐकून रात्री परतते. रोजगार बुडतो तो निराळाच. अशा दिवशी भाकरी बरोबर असावी, तसेच विश्वासातील एखादे माणूसही असावे. सारी भावकी नको. दिवेलागणीनंतर दाव्याचा विषय घरात काढू नये. शेती, शिवणकाम, नोकरी जे काही चालू असेल ते सोडू नये, कारण मनाला तेवढाच एक खुंटा उरतो. पुरुष याबाबतीत फारसे बोलत नाहीत आणि अनेकदा दारूचा आधार घेतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दोन आठवडे झोप वा भूक नसेल, तर जिल्हा रुग्णालयात दाखवावे. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो अहोरात्र चालू असतो.

मनावरील बराचसा भार कायद्याच्या माहितीनेही हलका होतो. २००३ च्या दुरुस्तीनुसार पत्नीला ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. माहेरी निफाडला राहणाऱ्या स्त्रीला त्यासाठी सासरच्या जिल्ह्यात खेटे घालण्याचे कारण नाही. दाव्याच्या काळातील निर्वाहखर्चाचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असे कायदा सांगतो. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळू शकतो. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने इच्छा व्यक्त केल्यास सुनावणी बंद दालनात होते, कारण कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये तशी तरतूदच आहे. घरची लक्तरे चारचौघांत निघतील या भीतीने झोप उडालेल्यांना हे आवर्जून सांगावयास हवे. घरात मारहाण होत असेल, तर तडजोडीच्या बोलण्यापूर्वी सुरक्षित निवारा पाहावा; महिलांसाठी १८१ हा साहाय्य क्रमांक आहे.

मुलांच्या बाबतीत शिक्षकांची जबाबदारी नाजूक असते. 'तुझे वडील हल्ली कोठे असतात?' हा प्रश्न वर्गात विचारला जाऊ नये. आईचा निरोप वडिलांना आणि वडिलांचा आईला पोहोचविण्याचे काम मुलाकडे येत असेल, तर पालकांना एकेकटे बोलावून ते थांबविण्यास सांगावे. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला शिक्षेपेक्षा थोडी सवलत उपयोगी पडते.

गावात मात्र सर्वांत मोठा जाच बोलण्याचा. पारावरची कुजबुज कायद्याने थांबत नाही. परंतु दंड आणि बहिष्कार यांना आता पायबंद आहे. २०१३ मध्ये नाशिक येथे एका विवाहित तरुणीची हत्या झाल्यानंतर जातपंचायतींविरुद्ध राज्यात चळवळ उभी राहिली. पुढे सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा २०१६ चा महाराष्ट्र अधिनियम झाला व तो २०१७ पासून अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. न्यायालयात गेली म्हणून एखाद्या स्त्रीचे लग्नकार्याचे निमंत्रण तोडण्याचा ठराव जातीच्या बैठकीत होत असेल, तर पंचायत सदस्याने ते आपसांतले प्रकरण समजून गप्प बसू नये. पीडित व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबियांना पोलिसांकडे अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, आणि तेथवर सोबत जाण्यास सदस्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते.