सोमाली इसाकांची वंशावळ

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस जे टोक शिंगासारखे समुद्रात पुढे आलेले दिसते, तो सोमाली लोकांचा मुलूख होय. एडनच्या आखाताला लागून असलेल्या त्याच्या उत्तर किनाऱ्यावर बर्बेरा हे जुने बंदर आहे, आणि तेथून आत गेले म्हणजे पठारावर हर्गेसा व बुरओ ही नगरे लागतात. या प्रदेशात मुख्यत्वे इसाक कुळाची वस्ती आहे. पाऊस थोडा, गवत विरळ. उंट आणि शेळ्यामेंढ्या हेच येथील परंपरेचे धन. अशा मुलखात दोन अनोळखी माणसे भेटली तर 'आपण कोणत्या गावचे?' असे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. पावसामागे फिरणाऱ्याचे गाव कोणते सांगावे? तेथे प्रश्न येतो तो 'आपण कोणाचे?' असा. मग बाप, आजा, पणजा अशी नावांची साखळी सुरू होते आणि दोघांच्या साखळीत जेथे एकच नाव येते तेथे त्यांचे नाते ठरते.

या साखळीला सोमाली भाषेत 'अब्तिर्सी' म्हणतात. शब्दाचा अर्थ बापांची मोजदाद. आपल्याकडे मुलांकडून पाढे म्हणवून घेतात तशी ही नावे लहानपणीच पाठ करून घेतली जातात, आणि सात-आठ वर्षांचे मूल वीस पिढ्या न अडखळता म्हणून दाखविते. आडनाव ही गोष्ट त्या समाजात नाही. स्वतःचे, बापाचे आणि आजाचे नाव मिळून माणसाचे पूर्ण नाव होते. लग्नानंतर मुलीचे नावही बदलत नाही. ती अखेरपर्यंत बापाच्याच कुळाची राहते.

इसाकांचा मूळपुरुष शेख इसाक बिन अहमद. तो अरबस्तानातून समुद्र ओलांडून आला आणि किनाऱ्यावरील मइत या गावी स्थायिक झाला, अशी परंपरा आहे. त्याची कबर तेथे दाखविली जाते व भाविक तिच्या दर्शनाला जातात. इतिहासकार या कथेतील अरबी मूळ जसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. शेजारचे दारोद कूळही आपल्या मूळपुरुषाविषयी बरीचशी अशीच कथा सांगते. इस्लाम स्वीकारलेल्या समाजाने आपले नाते पैगंबराच्या घराण्याशी जोडावे यात नवल नाही. आपल्याकडील राजघराण्यांनी सूर्यवंश आणि चंद्रवंश यांच्याशी जोडून घेतलेले नाते याच जातीचे. मात्र हे कूळ जुने आहे याला लेखी पुरावा मिळतो. सोळाव्या शतकात इमाम अहमद ग्रान याने अबिसीनियावर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांच्या 'फुतूह अल-हबशा' या अरबी बखरीत हबर मगादले या इसाक शाखेचा उल्लेख आहे.

'हबर' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचा अर्थ वृद्ध स्त्री, आई. वंश बापाकडून मोजायचा, पण शाखांची नावे मात्र आईवरून, असा हा प्रकार. शेखाला दोन स्त्रियांपासून आठ पुत्र झाले असे मानतात. मगादले ही याच भूमीतली. तिच्या पुत्रांपासून अयूब, अरप, गरहाजिस आणि अवल या शाखा निघाल्या. दुसरी स्त्री हबशी. तिच्या वंशात हबर जेलो ही शाखा सर्वांत प्रबळ. पुढे गरहाजिसांचे हबर यूनिस आणि ईदगले असे दोन भाग झाले, तर हबर अवलांत साद मूसा आणि ईसा मूसा असे दोन. एका बापाची पण दोन आयांची मुले म्हणजे भांडणाचे बीज, हे कोणत्याही एकत्र कुटुंबाला सांगावे लागत नाही. येथे ते बीज शतकानुशतके टिकते, आणि एका आईची लेकरे म्हणून चार शाखा एकत्र येतात तेही त्यामुळेच.

ही वंशावळ केवळ अभिमानाची वस्तू नव्हे. ती माणसाच्या जिवाची हमी आहे. जेथे पोलीस नाही, कचेरी नाही, तेथे खून झाल्यास दाद कोण देणार? चार ते आठ पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजापासून निघालेले काही शे ते काही हजार पुरुष मिळून एक गट करतात. गटातील कोणी मारला गेला तर त्याची भरपाई सर्वांनी वाटून घ्यावयाची, आणि गटातील कोणी दुसऱ्याला मारले तर ती सर्वांनी मिळून द्यावयाची. या भरपाईला 'मग' म्हणतात. परंपरेने पुरुषाचे शंभर उंट आणि स्त्रीचे पन्नास. कोणत्या जखमेला किती, जवळच्या आप्तांनी किती भाग उचलावा, हे गटाच्या करारात ठरलेले असते. त्या करारास 'हेर' असे नाव आहे. ब्रिटिश अमदानीत हे करार लिहून जिल्ह्याच्या कचेरीत ठेवीत. १९५५ ते १९५७ या काळात तेथे राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुइस यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेला पशुपालकांची लोकशाही म्हटले. झाडाखाली सभा भरते आणि तीत प्रत्येक प्रौढ पुरुषाला बोलता येते, हे पाहता ते नाव योग्यच. पण ती पुरुषांची लोकशाही, हेही विसरता कामा नये.

तिच्यातून आणखी एक वर्ग वगळलेला आहे. चर्मकाम, लोहारकाम, शिकार करणाऱ्या, आज गबोये म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांना या महावंशवृक्षात स्थान नाही. त्यांच्याशी सोयरीक निषिद्ध. मोठ्या कुळाच्या आश्रयाने राहावयाचे आणि न्यायही त्याच्याच द्वारे मागावयाचा. जन्माने ठरलेली पायरी आपल्याला अपरिचित नाही. त्यामुळे भारतीय वाचकाला हे समजावून देण्याची गरज नसावी.

बर्बेऱ्याशी हिंदुस्थानचा संबंध जुना आहे. हिवाळ्यात तेथे भरणाऱ्या मोठ्या जत्रेस हिंदी बनिये जात, आणि परक्या व्यापाऱ्याला एखादा स्थानिक 'अबान', म्हणजे पाठीराखा, करावा लागे. या बंदराच्या मिळकतीवरून हबर अवलांतील अहमद नूह आणि यूनिस नूह या दोन भावांच्या वंशजांत तंटा जुंपला होता. १८५५ च्या एप्रिलमध्ये मुंबई लष्करातील अधिकारी रिचर्ड बर्टन याच्या तळावर तेथे हल्ला होऊन त्याचा एक सहकारी मारला गेला. इंग्रजांनी काय करावे? त्यांनी किनाऱ्याची नाकेबंदी केली आणि १८५६ मध्ये हबर अवलांच्या वडीलधाऱ्यांशी करार केला. गुन्हा काहींचा, जाब मात्र सबंध कुळाला. म्हणजे इंग्रजही नकळत सोमाली रीतीनेच वागले! पुढे तेथे ब्रिटिश संरक्षित राज्य झाले, त्याचा कारभार १८९८ पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे होता आणि १९४१ पर्यंत तेथे रुपया चालत असे.

२६ जून १९६० रोजी हा प्रदेश स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी दक्षिणेकडील पूर्वीच्या इटालियन सोमालियाशी एक झाला. नव्या राष्ट्रात कुळाचे नाव घेणे मागासलेपणाचे ठरू लागले. तेव्हा सुशिक्षित लोक 'आपले माजी कूळ कोणते?' असे विचारू लागले. १९६९ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या सियाद बारे यांच्या राजवटीने कुळभेदाच्या पुतळ्यांचे दहनही केले. पण त्यांची स्वतःची सत्ता मोजक्या कुळांच्या आधारावर उभी होती. १९८१ मध्ये लंडन येथे इसाकांच्या पुढाकाराने विरोधी चळवळ स्थापन झाली. तिने १९८८ च्या मे महिन्यात बुरओ आणि हर्गेसावर चढाई करताच सरकारने हर्गेसा शहरावर विमानांतून बाँब टाकले. ती विमाने त्याच शहराच्या तळावरून उडत होती. हजारो नागरिक ठार झाले, लाखो इथिओपियात पळाले. कोण मारला जावा हे त्या वेळी अब्तिर्सीनेच ठरविले. ज्या नावांनी संरक्षण दिले त्यांनीच माणूस हेरून दिला.

१८ मे १९९१ रोजी बुरओ येथे सोमालीलँड हे स्वतंत्र राज्य जाहीर झाले. जगातील बहुतेक राष्ट्रांनी त्याला मान्यता दिलेली नाही. १९९३ मध्ये बोरामा येथे कित्येक महिने चाललेल्या वडीलधाऱ्यांच्या परिषदेने हबर अवलांतील मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल यांना अध्यक्ष निवडले आणि 'गुर्ती' या ज्येष्ठांच्या सभेला राज्यकारभारात स्थान दिले. आश्चर्य असे की, इगाल २००२ मध्ये वारल्यावर अध्यक्ष झालेले दाहिर रियाले काहिन इसाक नव्हते. २००३ च्या निवडणुकीत त्यांचा विजय अगदी थोड्या मतांनी झाला. पराभूत पक्षाने न्यायालय गाठले, बंदूक नव्हे. उलट, पूर्वेकडील धुलबहांते कुळातील बहुतेकांना हे राज्य आपले वाटत नाही, आणि २०२३ मध्ये लास अनोद शहराभोवती त्यावरून महिनोन्‌महिने लढाई चालली.