हवापालटाच्या गावी हाडांची परीक्षा

मुंबईच्या दमट हवेने त्रासलेल्या कुटुंबांसाठी लॅम रोडच्या परिसरात धर्मादायातून जी आरोग्यभवने उभी राहिली, त्यांच्यामुळे देवळाली कॅम्पाचा लौकिक लष्करी छावणीइतकाच विश्रांतीचे ठिकाण म्हणूनही झाला. अशाच एका आरोग्यभवनाच्या ओसरीवर भरलेले अस्थितपासणीचे शिबिर मी सकाळभर पाहत होतो.

परिचारिका प्रथम तपासणीला आलेल्या प्रत्येकीला भिंतीशी ताठ उभी करून उंची नोंदवहीत टिपून घेई आणि विचारी, "आजी, तरुणपणी उंची किती होती?" या प्रश्नाचे मोल मला यंत्रापेक्षा अधिक वाटले, कारण ठिसूळ झालेला मणका पुष्कळदा वेदनेवाचूनच खचतो आणि त्याची पहिली वर्दी घटलेली उंचीच देते. मग टाचेला थंडगार जेल लावून पाऊल यंत्रात ठेवायचे. ध्वनिलहरी हाडातून आरपार जात आणि कागदावर एक आकडा उमटे. "हा नुसता इशारा, निदान नव्हे. खुब्याची आणि कमरेची डेक्सा तपासणी करून घ्या," असे ती न कंटाळता सांगे. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली अस्थिसुषिरतेसाठी, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकारासाठी, ठरवलेली उणे 2.5 टी-स्कोअरची मर्यादा क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या त्या डेक्सा तपासणीची आहे, टाचेच्या आकड्याची नव्हे.

हाड हे सजीव द्रव्य आहे: जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा रचणाऱ्या पेशींचा व्यवहार त्यात अखंड चालतो, तिशीच्या सुमारास संचय परमावधीस पोहोचतो, आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटताच झीज भरणीवर मात करते. म्हणूनच या गावाच्या जुन्या उपचारपद्धतीविषयी मला आदरपूर्वक मतभेद नोंदवावासा वाटतो. निव्वळ विश्रांतीने हाड पोसत नाही; त्याला शरीराचा भार पेलावा लागतो. काचबंद व्हरांड्यातल्या उन्हाने ऊब मिळते, पण ड जीवनसत्त्व निर्माण करणारे किरण काच अडवते. आणि ज्याची आपल्याकडे एवढी महती गातात, त्या कोवळ्या उन्हातही ते अल्पच असतात. नाचणी, तीळ, दूध यांतला चुना अंगी लागण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते, म्हणून दिवस वर आल्यावर हातपाय उघडे ठेवून थोडे चालणे हवे.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला व्यायामोपचार करणारी तरुणी वृद्धांना हातांचा टेकू न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव देत होती. न्हाणीघरात धरायला दांडी बसवण्याची तजवीज करा, घसरणारी पायपुसणी काढून टाका, हे तिने सर्वांना सांगितले. मात्र ज्यांचा मणका आधीच खचला होता, त्यांना कमरेत वाकून बादली उचलण्याची सक्त मनाई असल्याचे ती एकेकीला बाजूला घेऊन बजावत होती.