दिव्यांगांचा निधी : कोणाच्या हाती कोणता अधिकार?

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या मावळ तालुक्याचे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे तीन भाग परंपरेने मानले जातात. लोणावळा, तळेगाव दाभाडे आणि वडगाव ही गावे लोहमार्गावर व महामार्गालगत आहेत. खोऱ्यांतील वाड्यावस्त्या मात्र डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात तेथून वडगावच्या तहसील कचेरीपर्यंत येणे धडधाकट माणसालाही सोपे नसते. मग अंध, अस्थिव्यंग किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला आणि तिच्या कुटुंबियांना ही फेरी किती जड जात असेल, याची कल्पना करता येईल. ही फेरी वाया जाऊ नये, यासाठी दिव्यांगांच्या साहाय्याचा निधी कोण ठरवतो, कोण मंजूर करतो, कोण खर्च करतो आणि त्यावर देखरेख कोण ठेवतो, हे नागरिकांना माहीत असणे अगत्याचे आहे.

कायद्याचा पाया

या संपूर्ण रचनेचा पाया म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ होय. तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यापूर्वीच्या १९९५ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार मानले होते. नव्या अधिनियमात ते २१ झाले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तीस आरक्षणासारखे विशेष लाभ मिळतात. दारिद्र्य निर्मूलनाच्या व विकासाच्या योजनांत अशा व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण ठेवावे, असा या कायद्याचा दंडक आहे. पूर्वी जे दयाबुद्धीने दिले जात असे, ते आता हक्काने मागता येते, हा या अधिनियमाचा गाभा आहे.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. तत्पूर्वी हा विषय सामाजिक न्याय विभागाकडे होता. दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचे कार्यालय पुणे येथे आहे.

राज्य सल्लागार मंडळ

अधिनियमानुसार प्रत्येक राज्यात दिव्यांगत्वविषयक राज्य सल्लागार मंडळ असावे लागते. या विषयाचे मंत्री त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. निरनिराळ्या विभागांचे सचिव त्यात असतात. ज्या राज्यांत विधान परिषद आहे तेथे विधानसभेचे दोन आणि परिषदेचा एक असे विधानमंडळाचे तीन सदस्य निवडले जातात. यांखेरीज पुनर्वसन क्षेत्रातील पाच तज्ज्ञ आणि जिल्ह्यांचे आळीपाळीने प्रतिनिधित्व करणारे पाच सदस्य शासन नामनिर्देशित करते. संस्था व संघटनांच्या दहा प्रतिनिधींचीही तरतूद आहे. हे दहा जण शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत, त्यांत किमान पाच महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीची किमान एकेक व्यक्ती असावी, असे कायदा सांगतो. नामनिर्देशित सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. मंडळाची बैठक सहा महिन्यांतून किमान एकदा भरलीच पाहिजे.

या मंडळाच्या अधिकारांविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. मंडळ कोणाही व्यक्तीस थेट पैसे देत नाही. शासनाला धोरण सुचविणे, सर्व विभागांच्या कामाचा आढावा घेऊन त्यांत समन्वय राखणे, राज्याच्या योजनांत दिव्यांगांसाठी तरतूद व्हावी म्हणून पाठपुरावा करणे आणि कायद्यांचा प्रत्यक्ष परिणाम तपासणे, ही त्याची कार्ये होत. जिल्हा पातळीवर याच हेतूने जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे.

निधी आणि त्यावरील देखरेख

अधिनियमाने राज्य निधीचीही तरतूद केली आहे. त्याचा विनियोग राज्य शासनाच्या नियमांनुसार होतो. त्याचे लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्यांचा अहवाल विधानमंडळापुढे ठेवावा लागतो. अशा रीतीने या निधीचा हिशेब अखेरीस लोकप्रतिनिधींसमोर येतो.

देखरेखीचे दुसरे साधन म्हणजे राज्य आयुक्त. शासनाने दिव्यांगांसाठी दिलेला पैसा योग्य रीतीने खर्च होतो की नाही, हे पाहणे कायद्याने त्यांच्यावर सोपविले आहे. तक्रारीवरून किंवा स्वतःहून ते चौकशी करू शकतात. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागविणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांची शिफारस म्हणजे हुकूमनामा नव्हे. तथापि संबंधित कार्यालयाला ती बाजूला सारता येत नाही. तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवावी लागते. शिफारस अमान्य असल्यास कारणे द्यावी लागतात आणि ती तक्रारदारासही कळवावी लागतात.

तालुक्याची समिती

प्रत्यक्ष मासिक अर्थसाहाय्याच्या दृष्टीने सामान्य कुटुंबाला सर्वांत जवळची समिती तालुक्याचीच होय. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून राज्यात राबविली जात आहे. उत्पन्नाच्या व इतर अटी पूर्ण करणाऱ्या दिव्यांग व्यक्ती तिच्या लाभार्थी ठरू शकतात. या योजनेच्या तालुका समितीचे अध्यक्ष अशासकीय असतात आणि तहसीलदार सदस्य सचिव म्हणून काम पाहतात. अर्जांची छाननी होऊन ते समितीपुढे येतात आणि मंजुरी किंवा नामंजुरी तेथे ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. समितीची बैठक लांबली तर पात्र अर्जदाराचे साहाय्यही लांबते. म्हणूनच समितीची नियमित बैठक ही केवळ कार्यालयीन औपचारिकता ठरत नाही.

ग्रामपंचायत आणि नगरपरिषद

यापलीकडे निधीचा आणखी एक झरा गावातच आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. पूर्वी ३ टक्के असलेला हा हिस्सा २०१८ मध्ये ५ टक्के करण्यात आला. नगरपरिषदांनाही अशीच तरतूद अंदाजपत्रकात करावी लागते.

मावळसारख्या तालुक्यात या तरतुदीची मर्यादाही ध्यानात येते. समजा, एखाद्या डोंगरी ग्रामपंचायतीचे वार्षिक स्वउत्पन्न २ लाख रुपये आहे. तिचा ५ टक्के हिस्सा १० हजार रुपये होईल. उलट कारखाने किंवा बंगले असलेल्या गावाचे स्वउत्पन्न २ कोटी रुपये असेल, तर तोच हिस्सा १० लाख रुपये होतो. टक्केवारी तीच, पण डोंगरातल्या दिव्यांग मुलाच्या वाट्याला येणारी रक्कम मात्र अगदीच तुटपुंजी. लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळाचे उत्पन्न आणि खोऱ्यातील आदिवासी पाड्यांच्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न एका मापाने मोजता येत नाही. ही दरी भरून काढण्याचे काम राज्याच्या योजनांचे आहे, कारण त्यांतील साहाय्य गावाच्या उत्पन्नावर अवलंबून नसते. जिल्ह्यांचे प्रतिनिधी राज्य मंडळात का हवेत, याचे उत्तरही येथेच मिळते. अशी विषमता मुंबईच्या बैठकीत मांडणारे कोणी तरी हवेच.

नागरिकांनी काय करावे?

पहिली पायरी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची व वैश्विक ओळखपत्राची. त्यासाठी केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विहित शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. मासिक साहाय्याचा अर्ज तहसील कार्यालयाकडे करावा. ५ टक्के निधीतील लाभासाठी ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, तर लोणावळा, तळेगाव दाभाडे व वडगाव येथे मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. गेल्या वर्षी हा निधी किती होता आणि तो कशावर खर्च झाला, असा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येक ग्रामस्थास अधिकार आहे. तेथे समाधान न झाल्यास राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते.

सल्ला देणारे मंडळ, मंजुरी देणारी समिती, खर्च करणारी ग्रामपंचायत आणि हिशेब विचारणारे आयुक्त अशी ही साखळी आहे. तिची शेवटची कडी म्हणजे अर्ज करणारा नागरिक. जो स्वतः वडगावपर्यंत येऊ शकत नाही, त्याचा अर्ज शेजाऱ्याने, शिक्षकाने किंवा अंगणवाडी सेविकेने लिहून पोहोचवला, तरी ही साखळी हलू लागते.