लंगोटाखालची कातडी : सव्वाशे वर्षांचा मागोवा

ज्या रोगाने सहसा कोणी दगावत नाही, ज्याची नोंद मृत्यूच्या दप्तरात सापडत नाही आणि ज्याच्या बाबतीत डॉक्टराच्या आधी घरातील वडीलधाऱ्या बाईचाच हुकूम चालतो, अशा रोगाचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत वैद्यकाचे इतिहासकार फारसे पडलेले नाहीत. अर्भकाच्या कुल्ल्यांवर, जांघांत आणि ओटीपोटाच्या खालच्या भागात लंगोटाखाली उठणारे लाल, ओलसर, प्रसंगी कातडी सोलवटून टाकणारे पुरळ हा असाच एक उपेक्षित विषय होय. परंतु या मामल्याचे गेल्या सव्वाशे वर्षांतील कागद एकत्र लावून वाचले असता जी हकीकत हाती येते ती रोगापेक्षा इलाजांचीच अधिक आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती वाचताना मान खाली घालावी लागते.

विकार अर्थातच सव्वाशे वर्षांहून कितीतरी जुना आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये अहिपूतना या नावाने त्याचे वर्णन आले असून, मलमूत्राने माखलेले अंग न धुणे आणि घामेजलेल्या बालकास स्नान न घालणे हीच त्याची कारणे सांगितली आहेत; दृष्ट किंवा बाहेरची बाधा यांचा तेथे शब्दही नाही. त्रिफळा आणि खदिर यांच्या काढ्याने ती जागा धुवावी, हा उपदेशही समंजसच म्हणावा लागेल. मात्र त्याच चिकित्सेत पुढे मोरचूद, हरताळ आणि मनशीळ यांचा लेप सांगितला आहे, आणि हरताळ व मनशीळ ही दोन्ही सोमलाच्या जातीची द्रव्ये आहेत हे ध्यानात घेतले म्हणजे तो लेप सोसणाऱ्या अर्भकाची कीव येते. निदान शहाणपणाचे आणि औषध जहाल, असा तो योग होता. विसाव्या शतकात औषध जहालच राहिले, निदानही चुकले.

बाळाची कातडी बाहेरचे द्रव्य किती सहज आत घेते याचा एक विलक्षण दाखला १८८६ साली इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इस्पितळातील नवजात अर्भके एकाएकी निळी पडू लागली, तेव्हा शोधाअंती असे आढळले की लंगोटांवर संस्थेच्या मालकीचा शिक्का उठवण्यासाठी जी शाई वापरली जात होती तिच्यातील अॅनिलिन ओल्या कातडीतून रक्तात उतरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेत होते. कारकुनी शिस्तीचा एक शिक्का असा जिवावर बेतू शकतो, हे वाचून वैद्यकाने कायमचा धडा घ्यावयास हवा होता. तो घेतला गेला नाही.

१९०५ साली पॅरिसच्या ज्याके या त्वचारोगतज्ज्ञाने या पुरळाच्या तीव्र, व्रणकारी प्रकाराचे रेखीव वर्णन केले, आणि आधुनिक वैद्यकाच्या दप्तरी हा विकार रुजू झाला. त्यानंतर १९२१ साली अमेरिकेत कुक याने मळात राहणारा आणि लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करणारा एक जंतू वेगळा काढून दाखवला व पुरळाचा सारा दोष त्या अमोनियाच्या माथी मारला. ही उपपत्ती पटण्यासारखी होती, कारण पहाटे बाळाला उचलताना नाकात झणझणणारा दर्प प्रत्येक आईच्या परिचयाचा आहे, आणि ज्याचा दर्प उग्र त्याचाच हा प्रताप असणार असे अनुमान काढण्यास विद्वत्तेची गरज लागत नाही. पुढे जवळजवळ अर्धशतक या उपपत्तीचा अंमल निर्वेध चालला. जंतू हा शत्रू ठरल्यावर त्याच्या निर्दालनासाठी लंगोट विषारी द्रावणांत बुडवण्याचा शिरस्ता पडला, आणि या कामी बोरिक अॅसिडपासून पाऱ्याच्या संयुगांपर्यंत सर्वांची भरती झाली.

त्या मोहिमेचा हिशेब पुढे यथावकाश आला. आपल्याकडेही घरोघरी निरुपद्रवी म्हणून मान्यता पावलेली बोरिक पावडर सोलवटलेल्या कातडीतून शरीरात शिरून बालके दगावतात, हे १९५३ साली गोल्डब्लूम पितापुत्रांनी स्वतः पाहिलेले चार रुग्ण आणि जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयातून गोळा केलेली १०९ प्रकरणे मांडून सिद्ध केले. १९७२ साली फ्रान्समध्ये 'मोरांज' नावाच्या टाल्कम पावडरीत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकीने सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले आणि ३६ बालके मृत्युमुखी पडली. १९८० साली ब्युनॉस आयर्समध्ये लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्या एका व्यवसायाने कपड्यांना पाऱ्याचे संयुग लावल्यामुळे हजारो अर्भकांच्या शरीरात पारा पोचला. ज्या विकारावर कोमट पाणी आणि मोकळी हवा पुरेशी ठरली असती, त्याच्या प्रतिबंधासाठी ही किंमत मोजली गेली.

आणि आश्चर्य असे की मूळ आरोपच टिकला नाही. १९७७ साली लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरळ असलेली आणि नसलेली बालके शेजारी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा अमोनिया आणि तो निर्माण करणारे जंतू दोन्हींकडे सारखेच आढळले. धड कातडीवर अमोनिया लावून पाहिला तरी ती लाल होईना. खऱ्या कारणपरंपरेचा उलगडा १९८६ च्या सुमारास बर्ग आणि बकिंगहॅम या संशोधकांनी केला. (हे संशोधक डायपर बनवणाऱ्या कंपनीच्या पदरचे होते, ही गोष्ट वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावी, पण त्यांचा निष्कर्ष पुढील तपासणीत टिकला, हेही तितकेच खरे.) ओलाव्याने कातडीचा वरचा थर भिजून फुगतो व घर्षणाला बळी पडतो, अशा कातडीवर मळ आणि मूत्र एकत्र आले की मळातील युरिएज लघवीतून अमोनिया निर्माण करते, अमोनिया कातडी जाळत नाही, परंतु तिचा स्वाभाविक आम्ल सामू चढवतो, आणि सामू चढताच मळातील प्रथिने व मेद पचवणारी जी विकरे आतापर्यंत स्वस्थ होती ती जागी होऊन कातडीलाच पचवू लागतात. अमोनिया हा फार तर साथीदार. मुख्य गुन्हेगार म्हणजे तेथे रेंगाळलेला मळ. अंगावर पिणाऱ्या मुलांत हा त्रास कमी का आणि जुलाबाच्या दिवसांत एका रात्रीत ढुंगण लालबुंद का होते, याचाही उलगडा यातूनच होतो. एवढ्या मोठ्या वळशानंतर विज्ञान जेथे पोचले, तेथून सुश्रुताचे निदान फारसे दूर नाही.

आपल्याकडील वहिवाट निराळी होती. जुन्या धोतराचे आणि मऊ झालेल्या सुती लुगड्याचे लंगोट, खाली दुपटे, त्याखाली गोधडी, आणि बाळाला पायांवर बसवून शी-शू करवून घेण्याची आजीची तत्परता, अशा व्यवस्थेत लंगोट ओला झाला की बाळ रडे व तो तत्काळ बदलला जाई. कातडी ओलाव्यात तासन्‌तास राहण्याचा प्रसंगच विरळा. खरी परीक्षा पावसाळ्यात होई. कोकणात किंवा मुंबईच्या चाळीत आषाढ-श्रावणात वलणीवरचे लंगोट चार दिवसांतही खडखडीत वाळत नसत, म्हणून शेगडीवर बांबूची पाटी पालथी घालून तिच्यावर ते अंथरण्याची तजवीज केली जाई, आणि धुराचा वास मुरलेले ते उबदार फडके पुन्हा बाळाच्या कमरेला बांधले जाई. या व्यवस्थेची भलामण करतानाच तिच्यातील वैगुण्येही सांगितली पाहिजेत. धुण्याचा सोडा आणि बार साबण यांचा अंश पाण्याच्या टंचाईमुळे फडक्यात राहून जाई व तोच क्षार कातडीला बाधे. शिवाय लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी चढवण्याची टूम निघाली तेव्हा अंथरूण कोरडे राहिले आणि त्याचा भुर्दंड कातडीला बसला.

पाश्चात्त्यांकडे डायपरचा प्रवास युद्धोत्तर काळात सुरू झाला. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन आणि ब्रिटनमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन या दोन गृहिणींनी न झिरपणाऱ्या चड्ड्या स्वतःच्या शिवणयंत्रावर शिवून पाहिल्या, आणि १९६१ साली पँपर्सची चाचणीविक्री झाली. खरी क्रांती मात्र १९८० च्या दशकात जपानातून आली. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट द्रव शोषून त्याचे जेल बनवणारी दाणेदार बहुवारिके डायपरच्या पोटात भरली जाऊ लागली व कातडीचा ओलावा पुष्कळच घटला. तथापि फेकून देण्याचे डायपर पुरळ निश्चित टाळतात असे म्हणण्यास विश्वासार्ह पुरावा अपुरा आहे, असाच निर्वाळा २००६ च्या कॉक्रेन आढाव्याने दिला. नव्वदीच्या दशकात हे डायपर आपल्याकडे आले, आणि ओले असूनही कोरडे भासण्याच्या त्यांच्या गुणातूनच नवी अडचण उद्भवली. बाळ रडत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. महाग पडते, म्हणून एकच डायपर रात्रभर, प्रवासात तर दिवसभरही चालवला जातो.

पावडरीची कथा थोडक्यात आटोपतो. टाल्क पुरळ बरे करत नाही, आणि त्याची धूळ बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञ ती वापरू नये असे कित्येक वर्षे सांगत आले आहेत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली मुलुंडच्या सुप्रसिद्ध कारखान्याचा बेबी पावडरीचा परवाना रद्द केला तो नमुन्यांचा सामू मर्यादेबाहेर गेल्याच्या कारणावरून. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्दबातल ठरवला. कायद्याचा निकाल काहीही लागो, लंगोटाखाली पावडरीचे काम नाही.

आज जो उपचार सर्वमान्य आहे तो कोणास क्षुल्लक वाटेल इतका साधा आहे. दर दोन-तीन तासांनी आणि शी होताच लगेच डायपर बदलावा. कोमट पाण्याने धुवावे, पुसताना घासू नये, टिपून घ्यावे. दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवावे. आणि जस्ताच्या भस्माचे, म्हणजे झिंक ऑक्साइडचे मलम किंवा साधे व्हॅसलीन जाडसर थापावे. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढण्याचा अट्टहास करू नये. मळलेला तेवढाच भाग पुसून वर नवा थर द्यावा. एवढ्याने दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, घड्यांच्या आतही गडद लाली पसरली आणि तिच्या कडेने बारीक लाल पुळ्या विखुरल्या, तर कँडिडा या बुरशीचा शिरकाव झाला असे समजावे. अँटिबायोटिकच्या मुदतीनंतर हे विशेष घडते. त्यावर १९५० साली हेझन आणि ब्राउन या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी शोधलेले निस्टॅटिन किंवा आजचे क्लोट्रिमॅझोल यांनी गुण येतो. पुरळ तोंडाभोवतीही उठले, सोबत जुलाब आणि केसगळती असली, तर शरीरातील जस्ताच्या उणिवेचा संशय घेण्याची जबाबदारी डॉक्टराची आहे. ताप, पू किंवा फोड दिसल्यास घरगुती इलाजांत वेळ दवडू नये.

राहता राहिला आपल्या औषधाच्या दुकानांत आजही राजरोस चालणारा प्रकार. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मिश्र मलमे चिठ्ठीवाचून हातावर ठेवली जातात. लाली रात्रीत ओसरते म्हणून आई निर्धास्त होते, आणि डायपरच्या बंद आच्छादनाखाली अधिकच शोषले जाणारे ते स्टेरॉइड कातडी पातळ करते, आतली बुरशी झाकून ठेवते. अशा वापरानंतर कुल्ल्यांवर उठणाऱ्या जांभळट गाठींचे वर्णन वैद्यकीय वाङ्मयात १९७१ सालीच नोंदले गेले आहे. तेव्हा दुकानदाराने पुढे केलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरे आधी वाचावीत, आणि त्यांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही नावे आढळल्यास ती ट्यूब तेथेच परत करून बाळाला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे.